मोकळं टोक

मनुष्यजातीच्या सगळ्या दुःखांचं मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे पत्ता. ज्याला पत्ता नाही त्याला कुणी विचारत नाही, आणि ज्याला पत्ता आहे त्याला कुणी सोडत नाही. हा विचार सुनयना बोरगावकर हिला बेळगावातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुचला, आणि तो तिला इतका पटला की आणखी थोडं पुढं जाऊन त्याचं तत्त्वज्ञान करावं असं वाटलं. पण त्या वेळी ती नोंदणीच्या टेबलाखाली दोन्ही गुडघ्यांवर आणि एका हातावर होती, दातांत टॉर्च होता आणि टेकलेल्या तळव्याला खंडेनवमीच्या प्रसादातला एक चुरमुरा चिकटला होता. शिवाय वरून मंगलताई विचारत होत्या, "सुनयना, आलं का गं?"

'आलं का' म्हणजे नेट. दवाखान्यात असं नाव न घेता दोघांचीच चौकशी होते, नेटची आणि मोठ्या डॉक्टरांची; आणि दोन्हींचं उत्तर बहुधा 'अजून नाही' असंच असतं. "अजून नाही, ताई," सुनयना टॉर्चच्या कडेनं म्हणाली. ती या दवाखान्याची आयटी होती. आयटीत होती असं नव्हे, आयटीच होती. "आयटीला बोलवा," "आयटी जेवायला गेली का," असंच सगळे म्हणत. निपाणीची मुलगी, बी. ए. झाल्यावर बेळगावात नेटवर्किंगचा कोर्स केलेला, कंग्राळीत राजाबाईंच्या घरी माडीवरची खोली घेतलेली, पावसाळ्याच्या तोंडाला इथं लागलेली. कायम करायचं की नाही ते दिवाळीनंतर बघू, असं व्यवस्थापक आण्णाप्पा म्हणाले होते. आण्णाप्पा 'बघू' म्हणताना खरोखरच कुठंतरी लांब बघत, त्यामुळं ऐकणाराही त्या दिशेला बघायचा आणि विषय संपायचा.

आज सकाळी शिपाई मष्णूनं मेन वर केला, पंखे फिरले, कॉम्प्युटर जागे झाले आणि मिनिटभरात सगळं गपगार झालं. नोंदणीच्या कॉम्प्युटरला मागच्या खोलीतला सर्व्हर दिसेना, डॉक्टरांच्या खोल्यांना पेशंटचे कागद दिसेनात, भिंतीवरचा टोकनचा फलक खंडेनवमीच्या शेवटच्या पेशंटवर अडून बसला. खाली बाकांवर बाहुली मोठी करायचं औषध डोळ्यांत घातलेली माणसं माना मागं टाकून, डोळे मिटून बसली होती. त्यांना तर डॉक्टरही दिसत नव्हते आणि कागदही. सगळ्या दवाखान्यात कुणालाच काही दिसत नव्हतं, आणि जिनं दाखवायचं ती टेबलाखाली होती. क्लासचे आदर्श सर, खानापूरचे, पहिल्याच दिवशी म्हणाले होते की आपला धंदा जमिनीपासून वर जायचा. आधी वायर बघायची, मग वायरीच्या तोंडाशी दिवा लागतो का ते बघायचं, मग पत्ता, आणि सगळ्यात शेवटी माणूस. लोक नेमकं उलटं करतात, आधी माणसाला धरतात. आणि दुसरं म्हणाले होते, "काय बिघडलंय असं विचारू नका. सगळे रडगाणं सांगतील. काय बदललंय ते विचारा." म्हणून सुनयनानं सकाळपासून प्रत्येकाला विचारलं होतं, काय बदललंय? मंगलताई म्हणाल्या, काही नाही गं, होतं तसंच आहे. मष्णू म्हणाला, "काय न्हाय की बाई. नुसती पूजा झाली."

नुसती पूजा. हे तिला ऐकू आलं आणि ऐकूच न आल्यासारखं तिनं ते बाजूला सारलं. बाजूला सारल्यावर ते पुन्हा समोर आलं. टेबलाखालची वायर तिनं काढली, फुंकली, परत घातली. टिक् आवाज झाला, दिवा लागला. वायर बरोबर होती. ती तिनं स्वतःच तर कापून, आठ तारा रंगांच्या क्रमानं लावून, चिमट्यानं दाबून बसवलेली. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा. हा क्रम तिच्या बोटांना क्लासमधल्या कुणाहीपेक्षा लवकर आला होता, आणि सर म्हणाले होते, बोटं कुणाची आणलीस गं? तिला उत्तर माहीत होतं. बोटं आईची होती. सोनुबाई निपाणीत विड्या वळायला दारात सूप घेऊन बसायची, पान कापायची, चिमूटभर तंबाखू, एक वळण, दोरा. आणि हे सगळं शेजारणीशी भांडता भांडता, सुपाकडं न बघता. घरभर तो तंबाखूचा कडू-गोड वास, गादीला, वह्यांना, दहावीच्या हॉल तिकिटालासुद्धा. क्लासमध्ये मात्र सुनयना हसली होती आणि म्हणाली होती, सवय आहे सर, मेंदी काढते मी. मेंदी तिनं जन्मात काढली नव्हती. असं आपण का म्हणालो हे तिला तेव्हाही कळलं नाही, आणि आता टेबलाखाली, चुरमुरा खरवडून काढताना, तेच आठवून तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. काही लहान थापा अशा असतात की त्या मारून झाल्यावर आपल्याबरोबरच राहायला येतात, भाडंही देत नाहीत.

ती बाहेर आली, गुडघे झटकले आणि मंगलताईंच्या कॉम्प्युटरवर बसून सर्व्हरला हाक मारली. पडद्यावर काळी चौकट येते, त्यात पत्ता लिहायचा, की हा कॉम्प्युटर त्या कॉम्प्युटरला विचारतो, आहेस का? तो म्हणतो, आहे. पुन्हा, आहेस का? आहे. एवढंच. माणसांत इतका सरळ संवाद तिनं कुठं ऐकला नव्हता. तिला ही काळी चौकट फार आवडायची. आज मात्र विचारणं जात होतं आणि उत्तर येत नव्हतं. आहेस का? वेळ संपली. आहेस का? वेळ संपली. शेजारी उभ्या राहिलेल्या मंगलताईंनी सकाळी आल्या आल्या तिच्या हातात आपट्याची पानं ठेवली होती, "सोनं घे गं, सोन्यासारखी राहा," आणि काल घरी काय केलंस, म्हणून विचारलं होतं. ती म्हणाली होती, नेहमीचंच. आणि खरंच नेहमीचंच केलं होतं. पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात गेली होती, वंदना झाली, खीर झाली, दरवर्षीप्रमाणे एका वक्त्यांचं भाषण माईक बंद पडल्यावर जास्त चांगलं झालं. घरी परतताना सोनुबाईनं विचारलं होतं, "हापिसात सांगितलीस का गं, आज आपला काय दिवस असतो ते?"

"सुट्टीच असते की आई आज."

"सुट्टी त्यांची हाय. मी दिवस कुणाचा इचारतोय."

वडील, भरमाआप्पा, सायकल ढकलत पुढं चालले होते ते मागं न बघता म्हणाले होते, "असू दे गं. पोरीला नोकरी पक्की होऊ दे, मग सांगंल." बोरगावकर हे नाव त्यांनीच काढलेलं. तिला शाळेत घालताना गुरुजींनी आडनाव विचारलं, आणि त्यांनी खरं आडनाव जिभेवर आलेलं गिळून आपल्या मूळ गावाचं नाव सांगितलं. पुढं मोठेपणी तिनं का म्हणून विचारलं तर म्हणाले, "खरं नाव सांगितलं की लोकांना पुढचं सगळं फुकटात कळतंय. आपण कशाला द्यायचं? जरा हुडकू देत." तो त्यांचा विनोद होता. पण लोक खरंच हुडकायचे. बोरगावकर म्हणजे कुठले? निपाणीजवळचं बोरगाव का? हां हां. तिथले कुठले? म्हणजे कुणातले? राजाबाईंनी खोली देताना विचारलं होतं, आणि मग आपणच, उत्तराची वाट न बघता, "पाटलांच्यातलीच असशील, चेहऱ्यावरनं दिसतंय," असं म्हणून किल्ली दिली होती. सुनयनानं ना हो म्हटलं, ना नाही. किल्ली घेतली. तेव्हापासून माडीचा जिना चढताना तिला आपण कुणाच्या तरी चेहऱ्याखाली राहतोय असं वाटायचं.

"बाई, ह्यो डबा बघितलासा का? लईच पेटलाय," मष्णू मागच्या खोलीच्या दारातून ओरडला. डबा म्हणजे भिंतीवरचा तो चपटा खोका, ज्यात सगळ्या खोल्यांच्या वायरी येऊन मिळतात. क्लासमध्ये त्याला स्विच म्हणत, पण इथं स्विच म्हटलं की मष्णू पंखा बंद करायचा, म्हणून डबा. एरवी त्याच्या प्रत्येक भोकावरचा हिरवा दिवा आपापल्या लहरीनं लुकलुकायचा; हा आत्ता बोलला, तो जरा थांबून. आज सगळे दिवे एकदम, एकाच ठेक्यात, श्वास न घेता लुकलुकत होते. डब्याला झेंडूची माळ होती, कपाळी, म्हणजे कंपनीच्या नावावर, हळदकुंकवाची पाच बोटं होती, आणि त्या सुकलेल्या माळेतून ते दिवे असे पेटत होते की अंगात आलेल्या बाईसमोर उभं राहिल्यासारखं सुनयनाला झालं. तिनं डब्याची वीज काढली. अंधार. परत दिली. एक क्षण सगळं शांत, वेगवेगळे दिवे, बाहेरून मंगलताई ओरडल्या, "आलं आलं!" आणि लगेच, "गेलं."

गेलं. म्हणजे सर्व्हर ठीक, वायरी ठीक, डबाही ठीक, आणि तरी आत काहीतरी फिरत होतं. तिला माहीत होतं काय असावं ते. सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. एखाद्या कॉम्प्युटरला दुसरा हवा असतो, पण तो कुठल्या वायरीवर आहे ते माहीत नसतं. मग तो सगळ्यांना हाक घालतो, हा पत्ता कुणाचा हो? डबा ती हाक गावात दवंडी द्यावी तशी सगळ्या वायरींवर धाडतो. ज्याचा पत्ता असेल तो ओ देतो, बाकीचे गप्प बसतात, आणि विषय मिटतो. पण समजा डब्यातून निघालेली एखादी वायर कुठंही न जाता वळसा घेऊन परत त्याच डब्यात घुसली, तर? तर हाक त्या वायरीनं बाहेर जाते आणि परत आत येते, आणि डब्याला वाटतं ही नवीनच हाक आहे, तो पुन्हा सगळ्यांना धाडतो. ती पुन्हा परत येते. कुणाचा हो, कुणाचा हो, कुणाचा हो. उत्तर मिळालं तरी प्रश्न थांबत नाही. वायरी प्रश्नानंच भरून जातात आणि कामाच्या एका शब्दाला वाट उरत नाही. महागातले डबे असा वळसा ओळखून आपणच एक वाट बंद करतात. हा स्वस्तातला होता. फळ्यावर हे बघताना सगळी मुलं हसली होती. सुनयनाला हसू आलं नव्हतं, तिला राजाबाई आठवल्या होत्या.

आणि ती वायर कुठली असेल हेही तिला आता कळलंच होतं, फक्त बघायचं धाडस होत नव्हतं. कारण डब्याला एक वायर अशी होती जी कुणाचीच नव्हती, तिची होती. तिचा लॅपटॉप जोडून तपासायला तिनं एक हातभर वायर डब्यात कायमची घालून ठेवली होती, आणि दुसरं टोक मोकळं, भिंतीवर लोंबतं. आदर्श सर ते बघते तर म्हणाले असते, मोकळं टोक ठेवू नये, कुणाचा तरी हात जातो. पण तिला ते टोक आवडायचं. त्या सगळ्या डब्यात तेवढं एकच असं होतं ज्याला कुठं जायची घाई नव्हती.

तिनं झेंडूची माळ बोटानं वर उचलली. टोक लोंबत नव्हतं. सुबक वळण घेऊन ते शेजारच्याच रिकाम्या भोकात बसवलेलं होतं, आणि दोन्ही टोकांवर, समोरासमोर, नवरानवरीला लावावं तसं कुंकू होतं.

खंडेनवमीला दुपारनंतर सगळं बंद केलं होतं. मष्णूनं डबा खाली उतरवला, ओल्या फडक्यानं पुसला (ओल्या!), वायरी काढून एकेक पुसली. सूक्ष्मदर्शकापासून इस्त्रीपर्यंत सगळी यंत्रं रांगेत मांडली, केळीचे खुंट बांधले, कोहळा आणला. आण्णाप्पा टोपी घालून, ताट घेऊन एकेका यंत्रापुढं चालले होते आणि प्रत्येकाच्या माणसाला बोलवून त्याच्या हातून कुंकू लावून घेत होते. चष्म्याच्या यंत्राला चष्म्याचा माणूस, ऑपरेशनच्या दिव्याला सिस्टरबाई. मग डब्यापाशी थांबून त्यांनी हाक दिली होती, "हं, आयटी! बर्री, बर्री, या की. तुमच्या देवाला तुमच्याच हातानं." सगळे हसले होते. ताट पुढं आलं, कापराचा धूर तिच्या डोळ्यांत गेला, आणि ज्या शपथा तिनं लहानपणी विहारात आईचा पदर धरून म्हटल्या होत्या त्या सगळ्या एकदम घशाशी आल्या, पण घशातून बाहेर आलं ते असं, "फोन आलाय माझा, आलेच हं." आणि ती मागच्या दारानं जनरेटरपाशी जाऊन उभी राहिली. फोन कुठं होता हे तिला त्या वेळी आठवतही नव्हतं. जनरेटरलाही माळ घातलेली होती आणि वर लिंबू ठेवलेलं होतं. त्या लिंबाकडं बघत ती घंटा थांबेपर्यंत उभी होती. कुणी काही म्हटलं नाही. परत आली तेव्हा डबा भिंतीवर होता, माळ घालून, आणि मेन बंद. वायरी कुणी घातल्या, कशा घातल्या, हे बघायचं तिचं काम होतं. पण आत शिरायला जरा वेळ लावावा, नजरा जरा विखरू द्याव्यात, एवढंच तेव्हा तिला सुचलं होतं. मग सुट्टी. मग आज.

तिनं वायर उपटली. दिवे थबकले आणि आपापल्या लहरीवर आले. बाहेर मंगलताई, "आलं! आलं गं बाई!" टोकनचा फलक टुंग वाजला आणि पुढं सरकला. डोळे मिटलेल्या माणसांतला एक म्हातारा विचारत होता, कितवा नंबर झाला म्हणून. सगळीकडं कामाचा गलका सुरू झाला आणि सुनयना हातात दोन कुंकवाची टोकं असलेली ती वायर घेऊन मागच्या खोलीत तशीच उभी राहिली. ती खूश व्हायला हवी होती. वाकून वाकून मान आखडली होती, खिशातल्या आपट्याच्या पानांचा चुरा झाला होता, आणि एकच वाक्य डोक्यात वळसा घेत होतं. काय बदललंय? याच्या आधी ती एका कॉम्प्युटरच्या दुकानात होती, तिथं तिनं सांगितलं होतं. सहज, चहा पिताना, कुणीतरी विचारलं आणि तिनं सरळ सांगितलं. काहीच बदललं नाही. मालक तसेच हसत होते, कामही तसंच देत होते. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिचा चहा कागदी कपातून येऊ लागला. बाकी सगळे काचेच्या कपात. कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं, धुवायचा त्रास नको. पण विचारणार कोण? महिन्याभरानं तिनंच सोडलं. कपावरून नोकरी सोडली असं घरी सांगता येईना, म्हणून घरी सांगितलं की शिकायला काही मिळत नव्हतं.

"आयटी! सुनयनाबाई! जरा आत या," आण्णाप्पांचा आवाज आला. त्यांची खोली म्हणजे हॉलच्या कोपऱ्याला प्लायवूडचा निम्म्या उंचीचा आडोसा. आत बोललेलं बाहेर ऐकू येऊ नये अशी सगळ्यांची इच्छा होती, प्लायवूडची नव्हती. आण्णाप्पा फोन खाली ठेवत होते. "वरनं साहेबांचा फोन. काय झालतं म्हणून इचारायलेत. इतकी माणसं थांबून ऱ्हायली म्हणं. काय सांगू?"

तांत्रिक बिघाड. दोन शब्द. तिच्या जिभेच्या टोकावर होते, आणि आण्णाप्पांना तेवढेच हवे होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती ते म्हणणारच होती, पण आण्णाप्पा पुढं म्हणाले, "मष्णूच असणार बघा. वायरीला हात त्याचाच. आधीच वरती त्याच्यावर डोळा हाय, सुपारी खातोय म्हणून. त्याचं नाव सांगितलं की मिटलं. आयतु."

आयतु, म्हणजे झालं, संपलं. बाहेर मष्णू कुणाला तरी हात धरून बाकावर बसवत होता, "डोळं उघडू नगासा आजोबा, न्हायतर परत थेंब घालतील." सुनयनानं तिकडं बघितलं. मष्णूनं घातली नसेल कशावरून? घातलीही असेल. पण मी तिथं असते तर घातली नसती. मी तिथं का नव्हते? इथं येऊन विचार दरवेळी थांबायचा, वळायचा आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि तिला एकाएकी असं वाटलं की हे आता कुठंतरी उपटलं पाहिजे, नाहीतर आपल्यात दुसऱ्या कशालाच जागा राहणार नाही. तिनं वायर टेबलावर ठेवली.

"ही वायर माझी आहे. तपासायला ठेवलेली. हिचं एक टोक मोकळं होतं. पूजेच्या वेळी कुणीतरी ते टोकही त्याच डब्यात घातलं. दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली की सगळं बंद पडतं. घालणाऱ्याची चूक नाही. वायरी परत लावताना मी तिथं असायला पाहिजे होतं, मी नव्हते."

"व्हय की. तुम्हाला फोन आलता न्हवं का?"

"फोन आला नव्हता." आपला आवाज मोठा येतोय हे तिला कळत होतं, पण लहान करायची कळ सापडेना. "मी खोटं बोलले. मी पूजा करत नाही, आण्णाप्पा. आम्ही बौद्ध आहोत. कुंकू लावायचं नव्हतं म्हणून बाहेर गेले. आडनावावरून कळत नाही. ते वडिलांनी गावावरून घेतलंय. मी आधीच सांगायला हवं होतं."

झालं. टेबलावरची काच, काचेखाली नातीचा फोटो, गणपतीचं कॅलेंडर, स्टीलचा डबा. आण्णाप्पा वायरीकडं बघत होते. मग त्यांनी ती उचलली, एक टोक बघितलं, दुसरं बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला की सुनयनाला तो पाठ असल्यासारखा वाटला. आता ते हसतील, आता म्हणतील आम्ही असलं काही मानत नाही हो, आता उद्यापासून कागदी कप. प्लायवूडपलीकडं सगळं शांत होतं. डोळे मिटून बसलेल्या माणसांचे कान उघडेच असतात. तिनं दारातल्या पायपुसण्याकडं बघितलं आणि दिवाळीनंतर कुठं अर्ज करायचा याचा विचार सुरू केला. लोंढ्याला एका शाळेत जागा होती म्हणे. रेल्वेनं जाता येतं.

"एकाच डब्यात दोन्ही टोकं घातलं की असं हुतंय?" आण्णाप्पांनी विचारलं.

"हो."

"नक्की? दुसरं काय कारण न्हाय?"

"नाही. हेच."

आण्णाप्पांनी आडोशाकडं बघितलं, आवाज उतरवला, आणि खुर्ची पुढं ओढली. "मीच घातलो हो," ते म्हणाले. "लोंबत हुतं. देवाच्या कामात काय लोंबायचं बरं दिसंना. एक भोक मोकळंच हुतं शेजारी, म्हणून म्हटलं बसवावं. कुंकूबी मीच लावलो. दोन्हीकडं." मग, "मष्णूला कशाला बोलायचं. तो गरीब हाय. तसं वरती काय सांगायला नको, न्हाय का? यंत्र म्हटलं की हुतंयच काय तरी."

"नको," सुनयना म्हणाली. तिला काहीच कळेनासं झालं होतं. "आणि... मी जे सांगितलं ते?"

"कुठलं?"

"मी बौद्ध..."

"हां. ते ऐकलो की," आण्णाप्पा जरा त्रासूनच म्हणाले, त्यांच्या मनात अजून वायरच होती. "ते वरती कशाला सांगायचं? ते काय बिघाड हाय व्हय?" आणि त्यांनी वायर आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवरला किल्ली लावली आणि किल्ली खिशात टाकली.

ती बाहेर आली. इतकी वर्षं छातीशी धरून जिने चढलेलं ते ओझं तिनं भर हॉलमध्ये उतरवलं होतं आणि कुणाच्या पायावरसुद्धा पडलं नव्हतं. हलकं वाटावं की अपमान वाटावा हे तिला ठरवता येईना. आण्णाप्पांनी ते खरंच ऐकलं होतं, की नुसतं कानांवरून गेलं होतं? उद्या चहा कशात येईल? टोकनचा फलक टुंग टुंग करत पुढं जात होता. बाकांवरची माणसं मिटल्या डोळ्यांनी तिच्याकडं तोंड करून बसली होती, किंवा तिला तसं वाटत होतं. मष्णू म्हणाला, "भारी केलासा बाई, डबा गप बसला," आणि तो नेमकं कशाबद्दल म्हणाला हे तिनं त्याच्या चेहऱ्यावर बरंच हुडकलं. मंगलताई काउंटरवर कागदांना टाचण्या मारत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू फोन आलाय म्हणून मागं गेलीस ना, तेव्हा फोन तुझा इथं माझ्यापाशी चार्जिंगला होता गं."

सुनयनानं काउंटरची कड धरली. "तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? आण्णाप्पा विचारलेत, कुठं गेली ही. म्हटलं, फोन आलाय तिला." टक्. एक टाचणी. "फोन माझ्या हातात. तसाच पदराखाली घेतले." टक्. दुसरी. मग त्यांनी मान वर केली आणि सुनयनाकडं असं बघितलं की आता काहीतरी येणार, जे इतके महिने, इतकी वर्षं यायचं राहून गेलंय, ते आता येणार, असं तिला वाटलं.

"एक काम कर गं माझं," मंगलताई म्हणाल्या. "त्या दिवशी तू नव्हतीस म्हणून तुझ्या वाटणीची खोबऱ्याची वाटी मी माझ्या कप्प्यात ठेवलेय. खाणार असशील खा, नसशील तर नको खाऊ. पण तेवढी आत्ता तिथनं उचल बाई, सगळ्या फायलींना मुंग्या लागल्यात."